सांडू सेटरची यंत्रमाणसं

शहरातल्या कुणाची किती बोटं गेली, कुठल्या प्रेसवर गेली आणि त्या दिवशी मशीनला कुठला साचा लावलेला होता, हे सांडू हिवराळेला तोंडपाठ होतं. असलं पाठांतर कुणी हौसेनं करत नाही. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत त्यानं तीस वर्षं सेटर म्हणून काढली. सेटर म्हणजे प्रेसमध्ये, पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनमध्ये, लोखंडी साचा बसवणारा. साचा बसवायचा, चार ठोके मारून माल नीट निघतो का बघायचा, मशीन ऑपरेटरच्या हवाली करायची आणि पुढच्या प्रेसकडे वळायचं. मागं त्या मशीननं कुणाचं काय नेलं, ते जेवणाच्या सुट्टीत कळायचं.

त्याच्या स्वतःच्या अंगावर मात्र ओरखडा नाही. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मला तेव्हा आईनं ह्याला उकिरड्यावर ठेवून आल्याचं सोंग केलं, शेजारणीनं सुपात घालून परत आणलं आणि मरणाची नजर लागू नये म्हणून नाव पडलं सांडू, सांडलेला. घरानं धम्मदीक्षा घेऊन दहा वर्षं झाली होती, तरी फुलंब्रीकडची ही जुनी युक्ती आईनं गुपचूप केलीच. पोटचं पोर म्हटल्यावर कोण कशाला विचारतं? युक्ती लागू पडली म्हणायची. अठ्ठावन्न वर्षांचा सांडू दहाही बोटांनी मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या टपरीवर चहाचा ग्लास धरून बसायचा, आणि दोन्ही वेळचं जेवण गोड लागत नाही अशी तक्रार करायचा.

तिथंच त्याला सत्यम भेटला. सिडकोतला पोरगेला गडी, सव्वीस-सत्तावीसचा, मुंबईच्या सिनेमावाल्यांचं इथलं सगळं जमवून द्यायचं काम करणारा.

"काका, हात नसलेली माणसं पाहिजेत," तो म्हणाला. "दहा-बारा. कुणी म्हणालं तुम्ही सगळ्यांना ओळखता."

टपरीवरची दोन माणसं उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. सांडूनं ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "कशाला?"

सत्यमनं सांगितलं ते असं. पिक्चर पुढच्या काळातला. माणसासारखी दिसणारी यंत्रं कारखान्यात राबतात. जुनी झाली की शिपाई येतात, त्यांचे हात उपटतात आणि धडं भंगारात टाकतात. त्यातलं एक यंत्र बंड करतं, तोच हिरो. मग मारामारी, आगी, सगळं. हात उपटलेली यंत्रं दाखवायची तर धडधाकट माणसाचा हात कॉम्प्युटरवर पुसत बसावं लागतं. मुळात हात नसलेला माणूस असला की त्याला रबरी हात लावायचा आणि ओढायचा. काम फत्ते.

"शूटिंग कुठं?"

"चिकलठाण्यात. लॉकडाऊनपासून बंद पडलेली शेड भाड्यानं घेतलीय. जुन्या प्रेसा आहेत तिथं अजून."

कुठली शेड, ते विचारायची सांडूला गरज पडली नाही. प्रेसा विकल्या न गेलेली बंद शेड तिथं एकच होती, आणि तिच्या तीन नंबरच्या प्रेसवर अकरा वर्षांपूर्वी काय झालं होतं, ते त्याच्याइतकं खरं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तरी त्यानं होकार दिला. घरी बसून बसून माणूस कुजतो, आणि ज्यांचे हात गेले त्यांना तर बसायलाही कुणी बोलवत नाही. दोन दिवसांत त्यानं अकरा जण जमवले. लासूर स्टेशनचा कडुबा आला, मनगटापासून उजवा गेलेला. गल्लीतला अप्पाराव आला, कोपरापासून डावा. सगळे टपरीवर जमले तेव्हा सत्यमनं मोजून घेतले आणि म्हणाला, "दोन्ही हात नसलेला कुणी मिळाला असता तर मोठं काम होतं. हिरोच्या बरोबरचं."

"तसा कोन नाय," सांडू झटकन बोलला.

"आसं कसं?" अप्पाराव म्हणाला. "आपला भूषण हाय की! मामा, तुमी तर दर रइवारी त्याच्याकडं जाता."

सांडूला कानावर हात ठेवून चाललं नसतं. सगळी वस्ती त्याचं कौतुक करायची ते ह्याच गोष्टीसाठी. बुद्धभूषण खरात हा त्यानंच कामाला लावलेला पोरगा. भूषणच्या बायकोचं, रत्नमालेचं, माहेर सांडूच्याच गावचं, म्हणून ती त्याला मामा म्हणायची. भूषणचे दोन्ही हात कोपराखालून गेल्यापासून दर रविवारी सांडू वस्तरा, साबण घेऊन त्याच्या घरी जायचा आणि त्याची दाढी करून द्यायचा. अकरा वर्षांत एक रविवार चुकला नाही. सख्खा भाऊ एवढं करणार नाही, असं लोक म्हणायचे. आणि सांडू ते ऐकून मान खाली घालायचा, ती लोकांना नम्रता वाटायची. खाई त्याला खवखवे, हे लोकांना कुठं माहीत?

झालं होतं ते असं. प्रेसला समोर दोन बटनं. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोका खाली येतो, म्हणजे दोन्ही हात बटनांवर, आत काही नाही. शहाण्या माणसानं केलेली सोय. पण शेडमधल्या लोकांनी तिच्यावर कडी केली होती. सायकलच्या ट्यूबचा पट्टा घ्यायचा, एक बटन दाबलेलंच राहील असा त्याला बांधायचा आणि दुसरं बटन कंबरेनं दाबायचं. दोन्ही हात मोकळे, माल दुप्पट. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा, आणि माल कमी पडला की ट्यूब कुठंय म्हणून तोच विचारायचा.

त्या आठवड्यात तपासणीला सरकारी साहेब येणार होता, म्हणून हुकूम सुटला की सगळ्यांनी ट्यूबा काढा. भूषणनं संध्याकाळी स्वतःची काढली. सकाळी सांडू तीन नंबरवर नवा साचा बसवायला आला. चार ठोके मारून बघायचे, एका हातात पत्रा धरायचा, म्हणून त्यानं खिशातला पट्टा काढून बटनाला बांधला. सेटरच्या खिशात पट्टा कायम असायचा. माल नीट निघाला. तेवढ्यात चार नंबरवरून सुपरवायझर ओरडला, आणि सांडू गेला. पट्टा तसाच राहिला.

भूषण आला. पत्रा अडकला होता, तो काढायला त्यानं दोन्ही हात आत घातले आणि वाकला. कंबर बटनाला लागली. ट्यूब आपण सोडलीय या भरवशावर तो बिनघोर वाकला होता.

चौकशीत बटनाला ट्यूब सापडली. कंपनीनं कागद केला की कामगारानं स्वतः सुरक्षेची सोय बंद केली, स्वतःची चूक. दवाखान्यात भूषण म्हणत राहिला, "मी सोडली व्हती. मला वाटतं मी सोडली व्हती." सगळे म्हणाले, नसशील सोडली, इसरला असशील. महिनाभरानं तोही म्हणायला लागला, इसरलो असंल. सांडू खाटेशेजारी बसलेला होता. त्यानं तोंड उघडलं नाही. आधी नोकरी जाईल म्हणून, मग पोलीस येतील म्हणून, आणि मग नुसतंच, कारण इतके दिवस गप्प बसलेल्या माणसाला बोलायला निमित्त लागतं आणि ते कुणी देत नाही.

पिक्चरचं भूषणला विचारायला सांडू गेला तेव्हा रत्नमाला नवऱ्याला जेवू घालत होती. भाकरीचा तुकडा मोडायचा, वरणात बुडवायचा, त्याच्या तोंडाशी न्यायचा आणि वर एक वाक्य. हा त्या घरातला दोन वेळचा नेम होता. बाई वाईट नव्हती. सकाळी चार घरची धुणीभांडी, दुपारी शाळेत खिचडी शिजवायची, आणि मग नवऱ्याचं नाकतोंड पुसण्यापासून सगळं. तिचं बोलणं म्हणजे दमलेल्या माणसाचं कण्हणं होतं. पण वाक्य ठरलेलं होतं.

"सोताच्या करनीनं घालवले हात," ती घास भरवत म्हणाली. "जादा मालाची हाव. कंपनीनं सांगितलं व्हतं ना, ट्यूबा काढा? एवढा एक पट्टा सोडायचा जीवावर आला."

भूषणनं घास चावला. अकरा वर्षांत त्यानं एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. गुन्हा कबूल असलेला माणूस शिक्षा खातो तसा तो जेवायचा.

पिक्चरचं ऐकून मात्र त्याचा चेहरा खुलला. "रबरी हात देनार? दोन्ही? मग येतो की मामा. चार दिवस तर चार दिवस."

शूटिंग सुरू झालं. शेडला आतून निळे दिवे लावले होते, धूर सोडला होता, आणि जिथं पाण्याचा माठ असायचा तिथं यंत्रमाणसं चार्ज करायच्या खुर्च्या उभ्या होत्या. बारा जणांच्या तोंडांना राखाडी रंग फासला. रबरी हात इतके हुबेहूब होते की नखांखाली मळसुद्धा होता. आत नळ्या आणि नळ्यांत पांढरा द्रव, कारण ह्या यंत्रांचं रक्त पांढरं. भूषण आरशासमोर उभा राहिला आणि दोन्ही हात खांद्यातून पुढं-मागं हलवून बघत बसला. मग सांडूकडे वळून म्हणाला, "मामा, शर्टाची बाही भरली बगा." सांडूला तिथं उभं राहवेना. तो बाहेर जाऊन उन्हात थांबला.

पहिल्या दिवशी शिपायांनी अप्पारावचा हात उपटायचा होता. दिग्दर्शक, पन्नाशीचा शांत माणूस, सगळ्यांना समजावून म्हणाला, "चेहऱ्यावर काही नको. दुःख नको, भीती नको. तुम्ही यंत्र आहात." शिपाई झालेल्या पहिलवानानं हात ओढला, पांढरा द्रव उडाला आणि अप्पाराव गुरासारखा ओरडला. "काय झालं? लागलं का?" नाही, लागलं नव्हतं. पुन्हा केलं. पुन्हा ओरडला. सातव्या वेळी त्याचा आवाज संपला म्हणून शॉट मिळाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अप्पाराव कोपऱ्यात जाऊन उलटी करून आला आणि म्हणाला, "मशिनीचा पार्ट बी आपल्याच्यानं नीट व्हईना."

पुढचे दोन दिवस हिरो छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्यांवरून उड्या मारत होता, दोरांना बांधलेली माणसं हवेत फेकली जात होती, पिंपं पेटत होती. बारा जण भंगाराच्या ढिगात मेल्यासारखे पडून राहायचे आणि मधल्या वेळात हिरोबरोबर फोटो काढायचे. हसतही होते. माणसाला चार दिवस कुणी बोलावलं की तो कशातही रमतो.

चौथ्या दिवशी तीन नंबरची प्रेस चालू करायची होती.

"हा पिक्चरचा जीव आहे," दिग्दर्शक भूषणला म्हणाला. "तू सगळ्यात जुनं यंत्र. तुला हत्यारं बनवायचा हुकूम होतो. तू ऐकत नाहीस. तू तुझे दोन्ही हात स्वतः प्रेसमध्ये घालतोस. कुणी जबरदस्ती करत नाही, तू स्वतः करतोस."

"माझीबी तीच गोष्ट हाय साहेब," भूषण हसून म्हणाला. "म्याबी सोताच घातले व्हते. ह्याच मशिनीत."

दिग्दर्शकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं की नको असेल तर राहू दे. भूषण म्हणाला, "करतो की. आता काय जायाचं राहिलंय?" अडचण एकच होती, बटनं दाबणार कोण? भूषणनंच उपाय सांगितला. "ट्यूब बांधायची एका बटनाला. दुसरं मी कंबरेनं दाबतो. मामा, बांधा की. तुमी सेटर."

कुणाच्या तरी सायकलची जुनी ट्यूब कापून आणली. सांडूनं ती हातात घेतली. दोन वेढे, एक उलटी गाठ. बोटांना सगळं आठवत होतं, त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यानं रिकामा ठोका मारून बघितला. शेड हादरली आणि छपरावरची कबुतरं उडाली.

भूषण उभा राहिला. रबरी हात आत गेले, कंबर पुढं झाली, ठोका पडला. पांढरा द्रव त्याच्या तोंडावर उडाला आणि त्याची पापणीही लवली नाही. दिग्दर्शक खुर्चीतून उठला. टाळ्या थांबेनात.

"अजून एकदा घेऊ, दुसऱ्या बाजूनं. नवे हात लावा."

चेंदामेंदा झालेले हात भूषणच्या खांद्यापासून सोडवायला सांडू पुढं झाला. पट्ट्याची एक बकल निघाली, दुसरी निघेना. भूषणच्या थोट्या हाताचं कातडं त्याच्या तळव्याखाली गरम लागत होतं. आणि कसलंही निमित्त नसताना तो बोलला.

"भूषण, त्या दिवशीबी ट्यूब म्याच बांधली व्हती."

"कोन्त्या दिवशी?"

"त्याच. सकाळी साचा बसवला, ठोके माराया बांधली. मला चार नंबरवरून बोलावलं आन् मी गेलो. सोडायची राहिली." त्यानं दुसरी बकल पुन्हा ओढली. "तू आदल्या सांजंला तुझी सोडली व्हती. तू सोडलीच व्हती, लेकरा."

भूषणनं तोंड त्याच्याकडं वळवलं. राखाडी रंगावर पांढरा द्रव ओघळत होता.

"म्हंजी मी सोडली व्हती," तो म्हणाला.

"व्हय."

"मी सोडली व्हती." तेच तो आणखी एकदा म्हणाला, हळूच. मारणं नाही, शिव्या नाहीत. सांडू मार खायला तयार होता, पण मारायला समोरच्याला हात कुठं होते?

रंगवाली मुलगी नवे हात घेऊन आली आणि दोघांना गप्प बसावं लागलं. भूषण पुन्हा मशीनसमोर उभा राहिला. ह्या वेळी शॉट जमेना. "चेहरा रिकामा ठेव," दिग्दर्शक सांगत होता. "मघाशी होता तसा. आता काहीतरी दिसतंय." पाच जोड्या हात चिरडल्यावर त्यांनी पहिलाच शॉट ठेवायचं ठरवलं.

तोंड धुतल्यावर भूषण सांडूजवळ आला आणि एवढंच म्हणाला, "माझ्यापाशी बोलून भागायचं नाय. घरी चला. तिला सांगा."

गाडी मुकुंदवाडीला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. रत्नमालेनं नुकत्याच भाकरी भाजून ठेवल्या होत्या. तिनं सांडूला पाणी दिलं, बसा म्हणाली, पिक्चरचं काय झालं विचारलं. सांडूनं पाणी खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. साचा, चार ठोके, सुपरवायझरची हाक, पट्टा. काही राखलं नाही. रडलाही, पण त्याच्या रडण्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "दवाखान्यात तुमी बाजूलाच बसलेले व्हते ना?"

"व्हय."

"आन् दर रइवारी दाढी कराया येत व्हते."

सांडूनं मान हलवली.

"मी इथं बसून त्याला घास भरवायची, बोलायची. तुमी ऐकत व्हते."

"ऐकत व्हतो."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. तिला राग येईल, ती आरडाओरडा करील, शेजारीपाजारी गोळा होतील, आपल्याला वस्तीतून हाकलतील, हे सगळं सांडूनं वाटेत मनाशी करून बघितलं होतं. त्यातलं काही झालं नाही.

"अकरा वर्सं," ती म्हणाली. "दोन टाइम. एकबी घास मी याला गप भरवला नाय. परत्येक घासाला तेच बोलले. आता ते घास मी माघारी कसे घेऊ?" तिनं सांडूकडं पाहिलं. "तुमी सांगून मोकळे झाले, मामा. मी काय करू?"

अकरा वर्षं सांडूला वाटत आलं होतं की ही गोष्ट त्याच्या आणि भूषणच्या मधली आहे. ह्या बाईचं त्यात काय गेलं, ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

ती उठली. ताट वाढलं, नवऱ्यासमोर बसली, भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला. सवयीनं तिचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. भूषणनं घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा तुकडा ओठाशी नीट गेला नाही, वरण त्याच्या हनुवटीवरून खाली गळलं.

"बोल की कायतरी," भूषण म्हणाला. "आसं गप बसून नको भरवू. मला गिळवंना."

रत्नमालेनं पदरानं त्याची हनुवटी पुसली आणि पुढचा तुकडा मोडला. सांडू दाराशी उभा होता. बसा किंवा जा, दोन्हीपैकी काही कुणी म्हणत नव्हतं.